भरपूर सांबाराबरोबर

पाककृती लिहिणाऱ्या बायांवर माझा जुना राग आहे. म्हणे "चवीपुरते मीठ". अगं बाई, पण कोणाच्या चवीपुरतं? आमच्या घरात माणसं तीन आणि जिभा तीन तऱ्हेच्या. "कांदा सोनेरी रंगावर परतावा." आमच्या स्वयंपाकघरात जो बल्ब होता, त्याच्या उजेडात सगळंच सोनेरी दिसायचं, करपलेलंसुद्धा. आणि "मिश्रण हाताला चिकटेनासे होईपर्यंत मळावे" असं लिहिणारी मला तेव्हा भेटली असती, तर ते मिश्रण मी तिच्याच हाताला थापलं असतं.

हा राग कुठून आला ते सांगते. साठच्या दशकातला शेवटचा-शेवटचा कुठलासा हिवाळा होता. नागपुरात सक्करदऱ्याला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. मी, माझा नवरा आणि त्याची आई. तिला आम्ही दोघंही माय म्हणायचो. नवरा रेल्वेच्या कचेरीत कारकून. मी कुहीकडच्या खेड्यातली, मॅट्रिक झालेली, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली.

मायनं उभं आयुष्य बाजारात पालेभाजी विकली होती. मेथी, पालक आणि मुख्य म्हणजे सांबार. पुण्या-मुंबईकडे जिला कोथिंबीर म्हणतात, तिला आमच्याकडे सांबार म्हणतात. सासरे गेले तेव्हा लेक कडेवर होता. त्या जुड्यांवर तिनं त्याला वाढवला, शिकवला. लेकाला नोकरी लागली आणि त्यानं टोपली बंद करायला लावली. पण बाजार काही सुटला नव्हता. दर बुधवारी ती नुसती फिरायला म्हणून जायची, जुन्या मैत्रिणींच्या ढिगाजवळ बसायची आणि सवयीनं हाक मारायची, "हिरवागार सांबाऽऽर!" तो आवाज घरापर्यंत यायचा म्हणे. मला तर खराच यायचा.

त्या वर्षी दिवाळीआधी तिचे दात दुखायला लागले. डॉक्टरांनी उरलेसुरले सगळे काढून टाकले आणि म्हणाले, हिरड्या भरायला तीन महिने लागतील, मग कवळी बसवू. झालं. त्या दिवसापासून मायनं तोंडावर पदर घेतला तो घेतलाच. बाजार बंद. शेजारणीशी बोलणं बंद. हाक तर सोडाच, घरातसुद्धा ती कुजबुजल्यासारखी बोलायला लागली.

आणि खाणं. ही बाई ज्वारीची भाकर नि ठेचा खाणारी. मी तिला मऊ वरणभात कालवून द्यायची. पंधरा दिवस तिनं तो खाल्ला. मग एके दिवशी ताट सरकवलं. "लेकराचं खानं हाय हे," म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली भूक नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोटात काही गेलं नाही तर म्हातारी अंथरूण धरेल. काहीतरी वेगळं करून पाहा."

वेगळं म्हणजे काय? मला येत होतं ते आमच्या खेड्यातलं. नवऱ्यानं कचेरीतल्या कोणाकडून तरी बायकांच्या मासिकांचे जुने अंक आणले, सुतळीनं बांधलेला गठ्ठाच. आणि माझी फजिती सुरू झाली.

पहिला केला तो दुधातल्या भाज्यांचा स्ट्यू. दोन टीस्पून मैदा, लिहिलं होतं. टीस्पून म्हणजे चहाचा चमचा, एवढं इंग्रजी मला येत होतं, पण आमच्या घरात चहाला चमचा लागतच नव्हता. मी अंदाजानं टाकला. त्याची खळ झाली, पतंगाला कागद चिकटवायची. मायनं ताटात बोट बुडवलं आणि विचारलं, "दूध फाटलं काय वं?" मग कोहळ्याचे कोफ्ते. पुस्तकातला कोहळा पांढरा असतो आणि आमचं कोहळं म्हणजे लाल भोपळा, हे मला कोण सांगणार? ते तेलात पडले आणि विरघळून गेले. मग एक पुडिंग होतं, त्यात "ओव्हन आधी तापवून घ्यावा" असं पहिलंच वाक्य. शेगडीवर तव्यात वाळू घालून मी तेही केलं. वरून कच्चं, खालून कोळसा.

रोज संध्याकाळी मी हे असलं काहीतरी घेऊन तिच्यासमोर बसायची, आणि रोज ती ताट सरकवायची. "काहून एवढं करून राहिली? मले भूकच नाई," एवढंच. रागावलीही नाही कधी. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुडिंगच्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी दोन वाजल्यापासून मी त्या शेगडीपुढे बसले होते. तिनं ताट सरकवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खातच नाही तर मी करू तरी काय? आता काय चावून देऊ तुमाले?"

बोलले आणि माझीच जीभ चावली. मायनं पदर जरा वर ओढला, डोळ्यांच्या खालपर्यंत. उठली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. नवरा त्या दिवशी उशिरा आला, त्याला तिनं काही सांगितलं नाही. मीही नाही. पण त्यानंतर ती जेवणाच्या वेळी ताटावर येईनाशी झाली. चहात बुडवून अर्धा पाव, तोही बाहेरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. माफी मागावी असं शंभरदा मनात आलं. दारापर्यंत जायची नि परत यायची.

गठ्ठ्याच्या तळच्या एका अंकात मला इडली सापडली. तांदूळ-उडीद वाटून, फुगवून, वाफवून. मऊ, दात न लागणारी. इडली मी कधी पाहिली नव्हती, पण तांदूळ तर माझ्या बापाच्या धानाचा होता, तो मला फसवणार नव्हता. आणि खाली शेवटची ओळ होती, "गरमागरम इडल्या भरपूर सांबाराबरोबर वाढाव्यात. सांबाराची कृती मागील अंकात दिली आहे."

काय सांगू, ती ओळ वाचून मला किती आनंद झाला! एवढ्या अंकांमध्ये सगळ्या बाया कोथिंबीर-कोथिंबीर करत होत्या. ही एक तरी सांबार म्हणाली. म्हणजे आपल्याकडचीच कोणी असणार, नागपूरची नाहीतर भंडाऱ्याची. मागचा अंक माझ्याकडे नव्हता, त्याचं मात्र मला हसू आलं. सांबाराला कसली आलीय कृती? निवडायचा, धुवायचा, चिरायचा. पुण्याचे लोक काहीही छापतात.

पीठ वाटलं आणि ठेवलं. नागपूरची थंडी! दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं. पहिला घाणा निघाला तो नुसते गोटे, बाहेरच्या गायीनंही तोंड फिरवलं. मी हट्टाला पेटले. पुन्हा भिजवलं, पुन्हा वाटलं, आणि या खेपेस पिठाचा तो गंज, म्हणजे पातेलं, नवऱ्याच्या स्वेटरमध्ये गुंडाळून चुलीजवळ ठेवला. तो बिचारा दोन दिवस स्वेटर शोधत कुडकुडत कचेरीत गेला. तिसऱ्या दिवशी पीठ फसफसून झाकणाला लागलं. वाट्यांना तेल लावून मी इडल्या वाफवल्या. झाकण काढलं तर काय, पांढऱ्याशुभ्र नि फुगलेल्या. माझा जीव भांड्यात पडला.

दिवेलागणीची बुद्धवंदना झाली. मायला मी हाताला धरून ताटावर आणून बसवलं, ती नको-नको म्हणत असताना. नवरा समोर. प्रत्येकाच्या ताटात इडल्या वाढल्या आणि बाजूला "भरपूर" सांबार. चांगला मूठ-मूठभर, बारीक चिरलेला, हिरवागार.

नवऱ्यानं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अवं, हे काय होय?"

"इडली-सांबार," मी म्हटलं.

तो जो हसत सुटला! स्टेशनजवळच्या मद्रासी हॉटेलात त्यानं इडली खाल्लेली होती. हसता-हसता त्यानं सांगितलं की सांबार म्हणजे तूरडाळीचं आंबट-तिखट पातळ वरण असतं, शेंगा घातलेलं, आणि त्यात इडली बुडवतात. "आमी काय बकऱ्या हावो? ढीगभर पाला वाढून राहिली!"

माझ्या डोळ्यांत खळकन पाणी आलं. दोन आठवड्यांची मेहनत, तो स्वेटर, ती चूल, आणि मायसमोर हे हसं. ती बाई पुण्याचीच निघाली शेवटी. मी म्हटलं, जळो ते पुस्तक, आणि मायचं ताट उचलायला हात घातला.

मायनं ताटावर हात ठेवला. "राहू दे."

मग लेकाकडे वळून, कितीतरी दिवसांनी मोठ्या आवाजात बोलली, "दात काहाले काढतं बे? कागदावर सांबार लिवलं हाय, तिनं सांबार देला. पोरीचं काय चुकलं? याच सांबारानं तुले मोठा केला, आन आता तुले तो पाला दिसून राहिला?"

नवऱ्याचं हसू जागच्या जागी थांबलं. मायनं ताटातला सांबार चिमटीत घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "चावून नोको देऊ वं पोरी. वाटून दे."

मी तिथंच हमसून रडले. एवढे दिवस ते वाक्य तिनंही जवळ ठेवलं होतं, आणि परत केलं ते असं. मग तिघांच्या ताटातला सांबार गोळा केला, पाट्यावर घेतला, लसण, हिरवी मिरची, मीठ. चवीपुरतं, मायच्या चवीपुरतं. गंधासारखं वाटलं. माय इडलीचा तुकडा त्यात बुडवायची आणि पदराआड न जाता, आमच्यासमोर, हिरड्यांनी मुरवून खायची. चार इडल्या खाल्ल्या तिनं. चौथी मागून घेतली.

पुढे मी खरं सांबारही शिकले, बरं जमतं. पण आमच्या घरात इडली-सांबार म्हटलं की पाट्यावर वाटलेला हिरवा गोळाच यायचा, कवळी बसल्यावरसुद्धा. त्या पाककृतीवाल्या बाईवरचा राग मी सोडला नाही, तरी तिचे उपकार आहेत माझ्यावर. आणि मायचे तर किती! तिनं मनात आणलं असतं तर ते एक वाक्य मला जन्मभर ऐकवता आलं असतं. तिनं ते पुन्हा कधी काढलं नाही. मी तेव्हा तिचे पाय धरायला हवे होते, लाजेनं धरले नाहीत, ते आज इथं धरते.

त्याच आठवड्यात बुधवारी ती म्हणाली, "चाल वं, पिशवी घे. घरचा सांबार सरला." मी मागे, ती पुढे. तिची जुनी मैत्रीण ढिगामागे बसली होती. मायनं एक जुडी उचलली, हातात तोलली आणि म्हणाली, "जुडी हाय का काडी?" मैत्रीण हसली आणि तिनं विचारलं, "एवढ्या दिसांनी आली! आन एवढा सांबार काहाले पाह्यजे?"

"माह्या सुनेनं इडली केली हाय," मायनं सांगितलं, आजूबाजूच्या चार जणींना ऐकू जाईल असं.

मैत्रीण म्हणाली, बस मग जरा इथं, मी पाणी पिऊन येते. माय ढिगामागे मांडी घालून बसली. पदर तोंडावरून केव्हाच खाली आला होता, तिच्या लक्षातही नव्हतं. जुड्यांवर पाणी शिंपडलं, मान वर केली आणि त्या बोळक्या तोंडानं हाक मारली, "हिरवागार सांबाऽऽर!"

पहिली जुडी मी घेतली.