लाल दोऱ्याची नळी

नागपूरहून मासा आणला त्या दिवशी मी बसमध्ये जागा मिळूनही नीट बसले नव्हते. मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्यात हवा भरून बांधलेली पिशवी आणि पिशवीत माझ्या अंगठ्याएवढा नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे. सेलू आलं तेव्हा झाकण किलकिलं करून पाहिलं, पवनार आलं तेव्हा पुन्हा. शेजारच्या बाईंना राहवलं नाही.

"काय वो त्याच्यात? कुत्र्याचं पिल्लू हाय का?"

"मासा आहे."

"बाप्पा! भाजीचा मासा जिता नेऊन राह्यल्या?"

भाजीचा नाही, समुद्रातला आहे, पाळायचा आहे, असं मी सांगितलं. त्यांनी डब्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड वळवलं. त्यांचं चुकलं नव्हतं. मी स्वतः अजून समुद्र पाहिलेला नाही.

मासा माझ्यासाठी नव्हताच. तो माझ्या मॅडमसाठी होता. मी आंजीच्या शाळेतून वर्ध्याच्या कॉलेजात आले तेव्हा सूक्ष्मदर्शक फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. डोळा कुठून लावायचा हेही माहीत नव्हतं. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी ते ओळखलं, आणि वर्गात काही न बोलता शनिवारी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात ठेवली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आज सावंगीला दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि नालवाडीत मॅडमच्याच घरी वरच्या खोलीत राहते. त्या किल्लीपासून इथवरचं सगळं त्यांचं देणं आहे, असं मी मानते.

मॅडमच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यांचे यजमान कोकणातले होते. वर्ध्यात राहून समुद्राची आठवण आली की ते टाकीसमोर खुर्ची घेऊन बसत. पाकिटातलं मीठ मोजून पाणी करायचं, दगड, पोवळी, गोगलगायी, आणि दोन मासे. यजमान गेले. मागच्या वर्षी त्यांतला एक मासाही गेला. उरलेला कोपऱ्यातल्या दगडामागे जाऊन उभा राहायचा, तास न् तास. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे जाताना मॅडम म्हणाल्या, "याला जोडीदार आण. आणि एवढं कर, मी येईपर्यंत याला काही होऊ देऊ नकोस." बाकी घराबद्दल त्यांनी काहीच सांगितलं नाही.

दुकानदाराने मासा बांधता बांधता बजावलं होतं, "ताई, पूरा महिना अलग ठेवायचा. मोठ्या टाकीत टाकायची घाई कराल तर जुना पण जाईल, नवा पण. एक दिवस कम नाही."

म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये निळा टब मांडला. त्यात वाळू नाही, दगड नाही, फक्त हवेचा पंप, स्पंजाचं फिल्टर आणि लपायला प्लंबिंगच्या दुकानातला पाइपचा वाकडा तुकडा, एल्बो. मासा सोडला तसा तो सरळ त्या एल्बोत शिरला.

आई दुसऱ्या दिवशी आली. ती आंजीहून भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसते. दुपारी भाजी उरकली की नालवाडीला येऊन पाठ टेकते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. तिने आधी टाकी पाहिली, मग टब पाहिला, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काऊन वो, ह्याले इथं काऊन ठेवलं? एवढा मोठा काचेचा वाडा आहे ना."

"त्याच्या अंगावर रोग असला तं जुन्याले लागते माय. महिनाभर अलग ठेवा लागते."

"महिना?" आई हसायला लागली. "तुले चार दिवस बाहेर बस म्हणलं तं तू घर डोक्यावर घेतलं व्हतं. अन् या बिचाऱ्याले महिनाभर बाहेर बसवून राह्यली! वा रे शिकेल पोरगी!"

ती म्हणाली ते खरं होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी घरी जाहीर केलं होतं की पाळीच्या दिवसांत मी बाहेर बसणार नाही. आणि नुसतं म्हटलं नाही; स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी घेतलं. आई भांडली नाही. तिने माठ अंगणात नेऊन ओतला, घासला आणि हापशीवर दोन खेपा करून पुन्हा भरला. मला तिचा राग आला होता. त्या दोन खेपांचं वजन मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पण विटाळ खोटा आहे हे माझं मत बदललं नाही, आजही नाही.

गंमत अशी की टबाचं काम माझ्यापेक्षा तिलाच चांगलं जमलं. टबाचं पाणी टाकीत जाता कामा नये, टबाला लागलेला हात टाकीला लागता कामा नये, एवढं मी सांगितलं. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. टबाचा मग लाल, टाकीचा निळा. टबाची जाळी दाराआड खिळ्याला, टाकीची आत कपाटात. पाणी ओढायच्या दोन नळ्या सारख्याच दिसत होत्या, तर तिने टबाच्या नळीला लाल दोरा बांधला. आणि क्रम ठरवून दिला: "पहिले आतलं काम करजो, मंग बाहेरचं. उलटं नाई करायचं. हात कोपरापासून धुजो."

लॅबमध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं. आई जन्मभर ते करत आली होती.

नवव्या दिवशी नव्या माशाच्या अंगावर ठिपके आले. रवा सांडावा तसे, बारीक, पांढरे. मला ते सकाळी ड्युटीला निघताना दिसले आणि दिवसभर लॅबमध्ये मी काचपट्ट्या पाहत होते की ठिपके, मलाच सांगता येत नव्हतं. दुकानदाराने फोनवर तांब्याचं औषध सांगितलं. ते टबातच द्यायचं. मोठ्या टाकीत गेलं तर पोवळी आणि गोगलगायी मरतात. रोज दोनदा पाणी तपासायचं, औषध कमी पडलं तर ठिपक्यांतला किडा मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. मी सकाळी तपासायचे, संध्याकाळी येऊन तपासायचे आणि मध्ये काही कारण नसताना आईला फोन करायचे.

"पोहून राह्यला का?"

"पोहून नाई राह्यला तं का सायकल चालवून राह्यला? काम कर तुहं."

औषध सुरू होऊन चार दिवस झाले आणि मॅडमचा फोन आला. पाय लवकर सुधारला होता, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं होतं. "पंधरा दिवसांत येते गं. दोघं एकत्र दिसतील का मला?"

मी म्हणाले, "बघू, मॅडम." नाही म्हणायचं होतं. महिना भरत नव्हता आणि मासा आजारी होता. ठिपक्यांचंही सांगितलं नाही. फोन ठेवला आणि घरभर फिरले. मासा वेळेआधी सोडायचा नाही हे पक्कं होतं. मग निदान टाकी तरी लख्ख करावी, असं डोक्यात शिरलं. नुकतंच टबाचं पाणी बदललं होतं, हात ओले होते. तशीच दिवाणखान्यात गेले, काच पुसली, नळी टाकीत सोडून तळाची घाण ओढायला लागले. मला थांबणं शक्यच नव्हतं. काहीतरी करत राहायलाच हवं होतं.

आई दारात उभी राहून म्हणाली, "ते नळी कोनती होय?"

मी खाली पाहिलं. लाल दोरा पाण्यात भिजून काळपट झाला होता.

मी नळी बाहेर ओढली. "थोडंसंच पाणी व्हतं आतमंधी," मी म्हणाले. "चार-दोन थेंब."

"विटाळाले माप नसते," आई म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता. ती घाबरली होती.

मी तिला समजावलं की असं काही होईलच असं नाही, थेंबभर पाण्यात किडा असेलच असं नाही. जे मी लॅबमध्ये नव्या मुलींना कधीच म्हणू दिलं नसतं, ते सगळं म्हणाले.

"बाईले सांगून टाक," आई म्हणाली.

"काही झालं तं सांगीन."

"झाल्यावर तं मासाच सांगन. तू काऊन पायजे?"

तरी मी फोन केला नाही. पुढचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही, कारण ते मी टाकीसमोर उभं राहून, वाकून, बसून, पुन्हा उठून घालवले. पाण्यातला प्रत्येक बुडबुडा मला ठिपका वाटायचा. जेवताना ताट घेऊन तिथेच. लॅबमध्ये एक नमुना दोनदा नोंदवला, वरिष्ठांनी विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?" मी हो म्हणाले. आठव्या दिवशी जुना मासा दगडाला अंग घासताना दिसला. दुपारपर्यंत शेपटीवर दोन ठिपके स्पष्ट होते.

आता फोन केला. सगळं सांगितलं, नळीसकट, दिवसासकट.

"काढ त्याला," मॅडम म्हणाल्या. "आजच. टबात घाल, दोघांना एकच औषध. मोठ्या टाकीत एकही मासा ठेवायचा नाही, पूर्ण दीड महिना. मासाच नसला की किडा उपाशी मरतो."

"हो मॅडम."

"ठिपके आले नसते, तर मला सांगितलं असतंस?"

मला हो म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "माहीत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या 'बरं'चा अर्थ मी पुढचे कित्येक दिवस लावत होते.

जुना मासा पकडायला आम्हा दोघींना अख्खी दुपार लागली. तो या दगडामागून त्या दगडामागे. शेवटी एकेक दगड उचलून बादलीत ठेवला. यजमानांनी रचलेली ती सगळी रचना माझ्या हातांनी मोडली. आई जाळी धरून बसली होती आणि त्याला समजावत होती, "ये बाप्पा, ये. तुह्या भल्याचंच हाय." त्या दिवशी तिची संध्याकाळची गाडी चुकली.

टबात गेल्यावर जुन्याने नव्याला एकदा कोपऱ्यात दाबलं, मग स्वतः पंपामागे जाऊन उभा राहिला. खाणं बंद. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. मी दाणे टाकायचे, ते त्याच्या तोंडासमोरून खाली जायचे, मी ते नळीने काढायचे. नव्याचे ठिपके गेले होते, तो एल्बोतून यायचा, दोन दाणे पळवायचा, परत आत. जुना पाहायचासुद्धा नाही. औषध जास्त होतंय का म्हणून मी तपासायचे, बरोबर असायचं. कमी होतंय का, तेही नाही. करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि तेच सहन होत नव्हतं.

सहाव्या दिवशी मॅडम आल्या. वॉकर टेकत टेकत दिवाणखान्यात गेल्या. टाकीचा दिवा चालू होता, पोवळी उघडलेली होती, काचेवर एक गोगलगाय चढत होती, आणि मासा नव्हता. त्या बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मी मागे उभी होते. मला वाटत होतं त्यांनी रागवावं.

"कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

बाथरूमच्या दारात आई स्टूल आणि साबण घेऊन उभी होती. "या बाई. पहिले हात धुवा. तुमचंच घर हाय, पण हात धुतल्याबिगर नाई."

"अहो ताई, मी शिकवायची हे," मॅडम म्हणाल्या.

"शिकवलं तं तुमच्या या पोरीनं बी होतं मले," आई माझ्याकडे न पाहता म्हणाली. "शिकेल माणूसच चुकून राह्यलं."

मॅडम हसल्या. थोडंच, पण हसल्या. हात कोपरापर्यंत धुतले आणि ऑपरेशनचा पाय सरळ सोडून स्टुलावर बसल्या. जुना मासा पंपामागे होता. त्याच्या पंखाची कड फाटलेली होती, रंग उतरला होता. त्यांनी ते सगळं पाहिलं.

"खातो का?"

"नाही. सहा दिवस झाले."

त्यांनी हात पुढे केला, मी डबी दिली. त्यांनी एकच दाणा टाकला. नवा एल्बोतून सुसाट आला आणि तो दाणा घेऊन गेला. मॅडमनी आणखी एक टाकला, पुन्हा नव्यानेच पळवला. त्या थांबल्या. जुना पंपामागून थोडा पुढे आला होता. बोटभर, फार नाही. तिसरा दाणा टाकला तेव्हा दोघंही निघाले. नव्याच्या तोंडाशी आलेला दाणा जुन्याने आडवं जाऊन ओढून घेतला, तोंडात धरला, बाहेर टाकला, पुन्हा धरला. मग गिळला.

आईने तोंडाला पदर लावला. मी श्वास सोडला तो इतक्या जोरात की मॅडमनी वळून पाहिलं.

"खाल्लं," त्या म्हणाल्या. आणि पुढे, डबीचं झाकण लावत, "उद्यापासून टाकीकडचं मी बघते. तू फक्त टब बघायचा. दिवाणखान्यात पाऊल टाकायचं नाही."

"महिनाभर?" मी विचारलं.

"दीड," त्या म्हणाल्या.