स्कारवे बेटावरची हंगामी बाई

१९५३ साली एडविन स्कारवे बेटावरच्या दीपगृहाचा रखवालदार झाला, तेव्हा त्याची बायको गुडनी एक ट्रंक आणि एक शेळी घेऊन तिथे गेली. ती मूळची आमच्याच गावची. लग्नाआधी कॉड मासळी खारवायच्या शेडमध्ये कामाला होती. मी टपालाची होडी चालवायचो. हवा बरी असली की आठवड्यातून एकदा बेटावर जायचो, नाहीतर महिना महिना नाही.

दीपगृहावर दिव्याइतकंच काम भोंग्याचं. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, आमच्या फिनमार्कच्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, त्यामुळे दिवा बंदच असायचा. पण धुकं नेमकं तेव्हाच दाटायचं. मग जहाजांना इशारा म्हणून इंजिन सुरू करून भोंगा वाजवत ठेवायचा, कधी कधी सलग दोन दिवस. एडविन इंजिनाला खेटून बसायचा. सहा वर्षांत त्याचे कान गेले.

दोघांनी हे कोणाला कळू दिलं नाही. नोकरी गेली तर घरही जाणार होतं. दर तीन तासांनी बिनतारीवरून हवामान कळवायचं असे. ते गुडनी कळवू लागली. एडविनला बोलवायचं तर ती लाकडी जमिनीवर पाय आपटायची, ते त्याच्या तळपायांना कळायचं. मी एकदा त्याला म्हटलं, "साखर आणायची राहिली रे." तर तो म्हणाला, "मी मजेत. तूही बरा दिसतोस." तेव्हा मला समजलं. मी गावात कोणाला सांगितलं नाही.

चार वर्षांनी एका जुलैत तपासणीला दीपगृह खात्याचे साहेब आले, माझ्याच होडीतून. एडविनने त्यांना कॉफी दिली आणि स्वतःच अखंड बोलत राहिला. समोरच्याला तोंड उघडू दिलं नाही की प्रश्न येत नाहीत. दुपारी धुकं आलं, भोंगा सुरू झाला. गुडनी धक्क्यावर माझ्याकडून पिठाची पोती उतरवून घेत होती. अचानक भोंगा थांबला. तिने हातातलं पोतं टाकलं आणि पळत पायऱ्या चढली. मी तिच्या मागे.

वर एडविन हेरिंग मासळीच्या गोष्टी सांगण्यात रंगला होता. साहेब कप हातात धरून त्याच्याकडे नुसते बघत होते. गुडनी दोघांच्या मधून इंजिनघरात गेली. पाच मिनिटांत भोंगा पुन्हा ओरडला.

ती तेलकट हात पुसत बाहेर आली, तेव्हा साहेबांनी विचारलं, "इथला रखवालदार नक्की कोण?"

"पगार ज्याच्या नावावर येतो तो."

"किती दिवस चाललंय हे?"

"मागे दोनदा आलात ना साहेब, तेव्हाही चाललंच होतं. तुमच्या ध्यानात आलं नाही, त्याला आम्ही काय करणार?"

एडविन मोठ्याने म्हणाला, "काय म्हणतायत गं?"

ती त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "कॉफी छान झालीय म्हणतायत." आणि तिथेच स्टुलावर बसून रडली.

एडविनला निवृत्त केलं. दोघं गुडनीच्या बहिणीकडे येऊन राहिली. गुडनीने त्या जागेसाठी अर्ज केला. बाईमाणसाला नेमायची पद्धत नाही, असं उत्तर आलं. दक्षिणेकडून एक माणूस आला, तो सप्टेंबरच्या पहिल्याच वादळात परत गेला. दुसरा नोव्हेंबरात, दिवसाही अंधार राहायला लागल्यावर. तोवर जहाजांवरचे कप्तान बिनतारीवर विचारू लागले होते, "अहो, ती बाई कुठाय? या बाबाचं एक अक्षर कळेल तर शपथ." शेवटी हंगामी म्हणून गुडनीलाच नेमलं. एडविन स्वयंपाकाला लागला. पाव चांगला करायचा. माशाचं कालवण मात्र माझ्या घशाखाली कधी उतरलं नाही.

गुडनी सतरा वर्षं हंगामीच राहिली. मग दिवा आपोआप चालायला लागला आणि दोघं गावात, चर्चमागच्या पिवळ्या घरात आली. त्याच हिवाळ्यात ती मासळीच्या कारखान्यात जाऊ लागली.

महिन्याभराने मी विचारलं, "जमतंय का गं?"

"काम जमतंय रे. पण त्या बाया सगळ्या एकदमच बोलतात. उत्तर कुणाला द्यायचं तेच कळत नाही."

तरी चार वर्षं टिकली तिथे.