त्यांची गाडी मी घरी आणली

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षरही किरटं आहे, त्याची आधीच माफी मागते. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. ज्योती म्हणाली, आई, लिहून ठेव, नाहीतर पुढे आपल्यालाच खरं वाटणार नाही. ज्योती म्हणजे आमची मुलगी.

एका सकाळी हे कॉम्प्युटरसमोर बसले होते. छातीवर हात ठेवून म्हणाले, "दम लागतोय गं." शेजारच्यांनी रिक्षा बोलावली. लंगडत रिक्षात बसता बसता मला म्हणाले, "गाडी साईडला लावलीय. कोणाला हात लावू देऊ नको." दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे ज्या ट्रकवर ते पूर्वी ड्रायव्हर होते, त्या ट्रकबद्दल ते बोलत नव्हते. ती कॉम्प्युटरच्या खेळातली गाडी होती, आकाशात उडणारी, आणि ती घरापासून फार लांब उभी होती.

यांचं सगळं आयुष्य आग्रा रोडवर गेलं. अपघातात गुडघा गेला, क्लच दाबता येईना, तेव्हापासून घरी. दिवसभर चिडचिड करायचे. भाजी खारट आहे म्हणायचे, नसली तरी. ज्योती अंबडला कंपनीत कामाला आहे. तिने एक जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यात हा खेळ घालून दिला. यात मारामारी करायची गरज नाही. यान घेऊन या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर जायचं, कोणी गेलं नसेल तिथे पोचायचं आणि नोंद करायची. यानाचं इंधन ताऱ्याच्या जवळून ओढून घ्यायचं, पण ते सगळ्याच ताऱ्यांवर मिळत नाही. हे ऐकून हे म्हणाले, "म्हणजे चांदवडला टाकी भरली नाय, की पुढं बोंबला!" आणि अपघातानंतर पहिल्यांदा हसले.

त्यांनी आकाशगंगेच्या पार टोकाला जायचं ठरवलं. वजन कमी करायला यानातून निघेल ते काढून टाकलं. यान आपोआप तळावर लावणारं यंत्रसुद्धा.

"पप्पा, ते राहू द्या. शेवटी लागेल."

"गाडी लावायला मला मशीन? इतकी वर्षं काय गाढवं हाकली का मी?"

मी शेजारी बसायचे. चष्मा लावूनही त्यांना बारीक आकडे दिसत नसत, म्हणून डिझेल किती उरलं ते मी सांगायचे. आम्ही त्याला डिझेलच म्हणायचो. कोणी आलं की हे सांगायचे, "आमचा क्लीनर बघा. पगार मागत नाय, वर चहा करतो." मी लाजून आत पळायचे. पण खरं सांगते, इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्या गाडीत शेजारी बसून लांबचा प्रवास असा कधी केलाच नव्हता. कित्येक महिने आम्ही चाललो होतो. टोकाला पोचलो तेव्हा समोर नुसता काळोख होता. "इथून पुढं रस्ताच नाय," ते हळूच म्हणाले.

ज्योतीने एक गोष्ट आधीच समजावून सांगितली होती. जो तारा आपल्याला पहिल्यांदा सापडतो, त्यावर आपलं नाव कायमचं लागतं. जगात कुठूनही कोणी हा खेळ खेळत तिथे आलं, तरी त्याला ते नाव दिसतं. पण परत तळावर येऊन नोंदी जमा केल्या तरच. वाटेत यान फुटलं तर सगळं गेलं.

परतीच्या वाटेवर हे एका ग्रहावर उतरायला गेले. कसारा घाटात डिझेल वाचवायला ड्रायव्हर लोक गाडी न्यूट्रल करतात. धोक्याची सवय, हे त्यापायी मालकाची बोलणी खायचे, पण सुटली नव्हती. इथेही त्यांनी इंजिनाचा जोर शून्यावर आणला.

"अहो, फार जोरात चाललंय!"

"उतार हाय. आपोआप जाईल."

त्या ग्रहाची ओढ भलतीच होती. यान दगडासारखं आपटलं, समोरची काच तडकली. यानाची शंभरातली ताकद उरली अकरा; शून्य झाली की यान फुटणार. यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आभाळात कोण न्यूट्रल करतं गं?" त्यानंतर ते एकेक तारा जपून घेत परत निघाले होते. निम्मी वाट राहिली होती, आणि ती सकाळ आली.

तेरावं झाल्यावर मी ज्योतीला म्हटलं, "ते गाडी साईडला लावलीय म्हणाले. सोडलीय नाही म्हणाले." ती समजली. ती खुर्चीत बसली, पण तिने बटणांना हात लावला नाही. "आई, माझ्याच्यानं नाही होणार. माझ्या हातून फुटलं तर पप्पांचं नाव..." ती रडत उठली. मग मी बसले. इतके महिने शेजारी बसून बटणं पाठ झाली होती.

प्रत्येक उडीनंतर यान थेट एखाद्या धगधगत्या ताऱ्यासमोर जाऊन निघतं. तिथल्या तिथे वेग कमी करावा लागतो. एकदा मला उशीर झाला. भोंगा वाजायला लागला, पडदा लाल झाला, अकराचे नऊ झाले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एकदा डिझेल न देणारे तारे लागोपाठ आले आणि काटा खाली खाली जात राहिला. बाजारात पाच रुपयांसाठी भाव करायला न धजणारी मी, त्या काट्यावर मोठ्याने ओरडत होते.

रविवारी दुपारी तळ दिसला. तो गोल फिरत असतो आणि त्याचं दार चिंचोळं. आत शिरायची परवानगी मिळते, ती थोडाच वेळ. ज्योती माझ्या खुर्चीमागे उभी होती.

"डावीकडे घे... अजून... येऊ दे, येऊ दे..."

"ओरडू नको गं!"

दाराची कड घासली. नवाचे तीन. मी यान जागीच उभं केलं.

"आई, थांबू नकोस! वेळ संपतोय!"

हात घामाने निसटत होते. ते पदराला पुसले, एक श्वास घेतला आणि यान सरळ दारात घातलं. आत आल्यावर खाली टेकवताना डोळे मिटले की काय, आठवत नाही. धप्प आवाज झाला... आणि मग काहीच झालं नाही. यान उभं होतं.

ज्योतीने नोंदी जमा केल्या. मग नकाशात अगदी टोकाचा एक तारा काढला आणि त्याखाली बोट ठेवलं. "वाच." मला इंग्रजी येत नाही, पण त्यांच्या लायसन्सवरची ती अक्षरं मी ओळखते. आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. रेशन दुकानात विचारलं तरी मी ज्योतीला पुढे करायचे.

"दत्तात्रय," मी म्हटलं.

ज्योती माझ्याकडे बघतच राहिली. "आई! नाव घेतलंस?"

"ताऱ्याचं घेतलं," मी म्हणाले. "पुढचा दाखव."

तिने दाखवला. दत्तात्रय. त्याच्या पुढचा काढला. दत्तात्रय. दिवेलागण झाली तरी ती एकेक तारा काढत होती आणि मी वाचत होते.