पहिले आभार साहेबांचे

साहेब, अक्काला उन्हानं मारलं नाही. तुम्ही मारलंत. रस्ते झाडणाऱ्या बायका हातमोजे मागायला नगरपालिकेसमोर बसल्या, तर तुम्ही फाटकाला कुलूप घातलंत. आत नळ होता, लिंबाची सावली होती. बाहेर नुसतं डांबर. अक्का त्या डांबरावर कोसळली, आणि कागदावर तुम्ही लिहिलंत, नैसर्गिक मृत्यू.

हे सगळं वत्सला मनातल्या मनात बोलते आणि कूस बदलते. पहाटेपासून झाडू मारून आलेलं अंग, भर दुपार, वर तापलेला पत्रा. डोळा लागतोय न लागतोय. संध्याकाळी मानवी हक्कांवर व्याख्यान आहे, अक्काच्याच नावानं. आणि अध्यक्ष कोण, तर नगरपालिकेचे हेच साहेब! आभार मानायचं काम वत्सलाकडे आलंय. व्याख्यान भरवणारे देवळे सर सकाळीच सांगून गेले, "पहिले आभार साहेबांचे हं, वत्सलाबाई. सभागृह फुकट दिलंय त्यांनी. कुलपाचं काही काढू नका." वत्सला पडली कंत्राटावरची बाई. हो म्हणून बसली. उद्या कामावरून काढलं तर चुलीवर काय ठेवायचं?

पत्रा तडतडतो. ती वर बघते, तर पत्र्याच्या जागी सभागृहाचे पंखे फिरतायत. खाली खुर्च्यांच्या रांगा आहेत, पण खुर्च्यांखाली फरशी नाही, डेपोतला ओला कचरा आहे. पहिल्या रांगेत अक्का बसलीय. पदर खोचलेला, पायात एकच चप्पल.

"बस की गं. पाहुणीसारखी उभी काय राहिलीस?"

"अक्का, तू तर..."

"मेले. मला नको सांगूस, मी होते तिथं." अक्का तिला खालीवर न्याहाळते. "जरा बरी साडी नेसायची. भाषण आहे ना तुझं?"

"भाषण कसलं? आभार आहेत नुसते."

अक्का हसते. जिवंतपणी हसायची तशीच, तोंडाला पदर न लावता. "मला तरी सभांमध्ये आभारांशिवाय दुसरं काय दिलं गं त्यांनी? मोठी माणसं पोटभर बोलणार, आणि लोक चपला शोधायला लागले की आम्हाला उभं करणार. पण गंमत माहितीय? सगळे उठतात, अध्यक्षाला उठता येत नाही. त्याचं नाव घ्यायचं राहिलेलं असतं ना! बसतो बापडा मान ताठ करून. मी तेव्हाच बोलायचे काय ते."

"मला नाही जमायचं. काम जाईल माझं."

"जाईल," अक्का म्हणते. खोटा धीर देत नाही.

वत्सला तिचा हात धरायला जाते, तर हाताला तापलेला गज लागतो. मध्ये फाटक आहे. वत्सला आत, लिंबाखाली. अक्का बाहेर, डांबरावर.

"मी आत कशी गं आले?"

"हो म्हणालीस ना सरांना."

अक्काचे ओठ फुटलेत. वत्सला नळाकडे धावते, ओंजळ भरते, परत येते. फाटकाशी येईस्तोवर हात कोरडे. पुन्हा धावते. पुन्हा कोरडे. तिला रडू फुटतं.

"राहू दे गं," अक्का हळूच म्हणते. "तहान गेली आता. एकच विचार त्या साहेबाला. मी पडले तेव्हा तो कचेरीच्या खिडकीत उभा होता. मी बघितलं त्याला. त्यानंही बघितलं मला."

वत्सला खिडकीकडे तोंड करून ओरडते. साहेब! साहेब! छातीतला सगळा दम संपेस्तोवर ओरडते. वळून बघते, तर डांबरावर कुणी नाही.

फोन वाजतोय. पत्रा जागेवर आहे. उशी भिजलीय.

"वत्सलाबाई, तयारी झाली ना?" देवळे सर विचारतात. "आणि लक्षात आहे ना, पहिले आभार..."

"साहेबांचेच, सर."

"अहो, आवाजाला काय झालं तुमच्या?"

वत्सला गळ्याला हात लावते. सकाळी खणखणीत होता. आता चिरफाळलाय, मैदानभर माणसांपुढं बोलून आल्यासारखा. बोललं की आत खरवडतंय.

"काही नाही. माईक चालू ठेवा म्हणजे झालं."

फोन ठेवून ती पेटीतली बरी साडी काढते. निऱ्या घालता घालता त्या फाटक्या आवाजात पाठ करायला लागते.

"साहेब, सभागृह दिलंत, आभार. अध्यक्ष झालात, आभार. अजून उठू नका. अक्का पडली तेव्हा तुम्ही खिडकीत होतात. किल्ली तुमच्याकडे होती. कुलूप का काढलं नाहीत? बोला साहेब. का काढलं नाहीत?"