दादाची सही

मी वकिलांचा कारकून. अशिलात जीव गुंतवायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दलालकाकांच्या बाबतीत मी तो साफ विसरलो.

काका शेअर्सचे दलाल. तीस वर्षं लोक फोनवर सांगायचे, घ्या, विका. काका ऑर्डर दोनदा मोठ्यानं म्हणून दाखवायचे आणि काम उरकायचे. मग सरकारनं नियम काढला, प्रत्येक ऑर्डरवर गिऱ्हाइकाची सही हवी. काकांनी कुरकुरत सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सोडला तो फक्त सख्खा थोरला भाऊ.

"दादाकडे सही मागू?" पहिल्या भेटीत तेव्हाची गोष्ट सांगताना ते मला म्हणाले होते. "उद्या हे सरकार वहिनीनं वाढलेल्या जेवणाची पावती द्यायला सांगेल."

नेमके दादाचेच शेअर्स त्याच्या फोनवरून विकले आणि आठवड्यात भाव चढला. "मी विका म्हणालोच नव्हतो," असं म्हणत दादानं हात वर केले आणि तक्रार ठोकून दिली. काकांचा परवाना गेला. सरकारला असा नियम करायचा अधिकारच नाही, म्हणत काका हायकोर्टात आले. दादा प्रतिवादी.

खटला नऊ वर्षं चालला. मधेच काकू गेल्या, मुलगी परदेशी. एकदा कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, तर ओट्यावर एकच कप आणि फोन अजून उशाशी. त्यावर कुणाचा फोन येत नाही, हे त्यांनीच हसत सांगितलं. मला काही ते हसू बघवलं नाही.

तारखेला मात्र कडक इस्त्रीचा शर्ट. दोघं भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे, अवाक्षर न बोलता. दादाचा वकील असायचा, दादाला स्वतः यायची गरज नव्हती, तरी तो यायचा. काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा आलाय का?" मला राग यायचा. ज्यानं घरी बसवलं, त्याची कसली वाट बघायची?

शेवटी निकाल लागला. गुंतवणूकदारांच्या रक्षणासाठी सरकार असा नियम करू शकतं, आणि नात्याला त्यातून सूट नाही, असं न्यायमूर्ती म्हणाले. अर्ज फेटाळला. दादा उठला, काकांसमोर क्षणभर थांबला आणि काठी टेकत निघून गेला.

"वरच्या कोर्टात जाता येईल?" काकांनी विचारलं.

"येईल. पण ते राजधानीत. तिथं तुम्ही-दादांनी यायची गरज नाही, वकीलच बघतील."

काका बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिले.

"मग राहू दे," ते म्हणाले.