आमचा बोत्सवानाचा वॉचमन

आमच्या घरी एक साप कामाला होता. रबराचा, काळाकुट्ट, चांगला दोन हात लांब, आणि नाव वॉचमन.

तो आम्हाला मिळाला बोत्सवानात. माझे यजमान शिरीष तेव्हा गाबोरोनीला इंजिनियर होते आणि आम्ही तिथे पाच वर्षं काढली. काढली म्हणजे कशी? राजासारखी! शुक्रवारी दुपारीच ऑफिसं पेंगायला लागायची. शनिवारी अंगणात लाकडं पेटवून कणसं आणि वांगी भाजायची, रविवारी पोळी-भाजी बांधून धरणावर जायचं. अडचण एकच, माकडं! पहिल्याच रविवारी एका माकडाने माझ्या हातातली पोळी पळवली, आणि परत येऊन लोणचंही नेलं. शेजारच्या मा निओ (तिकडे बायकांना मानाने 'मा' म्हणतात) पोट धरधरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी हा साप घेऊन आल्या. माकडं सापाला टरकतात. डब्यावर वॉचमन बसला की माकडं लांबच्या झाडावरून नुसत्या शिव्या घालायची. पुढे एक पोळी गेली नाही!

मग शिरीषना कॅनडात, केंब्रिजच्या कार प्लँटमध्ये नोकरी लागली. वॉचमन अर्थातच आमच्याबरोबर आला. इथल्या मराठी मंडळींत आमचा भाव एकदम वधारला. "आफ्रिकेत होतात? मग सिंह पाहिले असतील!" मी नुसती मान हलवायचे. कुठल्या दिशेने, ते ज्याचं त्याने ठरवावं.

त्यामुळे ऑगस्टच्या लाँग वीकेंडला चार कुटुंबांनी कँपिंग ठरवलं तेव्हा सोळा माणसांचं जेवण सांभाळायचं काम एकमताने माझ्याकडे आलं. त्यात नेमकी नागपंचमी! सासूबाई त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच कॅनडात आल्या होत्या. त्यांचं माहेर शिराळ्याकडचं, म्हणजे नागपंचमी हाच वर्षातला मोठा सण. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पोळ्या-भाजी आदल्या दिवशीच करून ठेवली आणि त्यांनी पहाटे उठून सगळ्यांपुरती पुरणाची दिंडं उकडली. सगळं तीन निळ्या कूलरमध्ये भरलं. तिन्ही अगदी सारखे.

तंबू लागले. रिचमंड हिलचे सबनीस, दर उन्हाळ्यात कँपिंग करणारा सावध माणूस, मला म्हणाले, "वहिनी, फूड गाडीत लॉक करा हं. इथे रकून फार आहेत."

"सबनीस भावजी," मी म्हटलं, "आम्ही बोत्सवानाच्या माकडांना पुरून उरलोय! तुमचा रकून म्हणजे काय, जाडं मांजर!"

तिन्ही कूलर तंबूंपुढच्या टेबलावर ओळीने मांडले, मधल्यावर मी वॉचमनला वेटोळं घालून बसवलं, फणा नीट वर केला आणि सगळ्यांना घेऊन लेकवर पोहायला गेले. सासूबाई तेवढ्या तंबूत आडव्या झाल्या होत्या.

आता एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. सासूबाईंची आणि वॉचमनची ओळख कुणीच करून दिली नव्हती!

संध्याकाळी परतलो तर दुरूनच उदबत्तीचा वास आला. वॉचमनच्या फण्याला हळद-कुंकू. समोर वाडग्यात दूध (सगळ्यांच्या चहाचं!). दुधाशेजारी लाह्या, म्हणजे मुलांचं पॉपकॉर्न. आणि टेबलाभोवती, डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेले चांगले पाच रकून, पुढच्या दोन्ही हातांत एकेक दिंड धरून शांतपणे जेवत होते. सासूबाई वाढत होत्या!

"आई!" मी किंचाळले. "हे काय करताय?"

"हळू बोल मेधा, नागोबा बसलेत," त्या हात जोडून म्हणाल्या. "परमुलखात, आजच्या दिवशी, साक्षात दर्शन! भाग्य लागतं."

"अहो, तो रबराचा आहे! चष्मा कुठाय तुमचा?"

"तंबूत. देवाला बघायला चष्मा कशाला?"

"आणि ही जनावरं?"

"हे काजळवाले बोके होय? नैवेद्य दाखवून डोळे उघडले तर समोर हजर! नाग म्हणजे माझा भाऊ. भावाबरोबर आलेत, त्यांना काय उपाशी पाठवू?"

दिंडांचा कूलर रिकामा होता. पोळ्या-भाजीचा कूलर पाहुण्यांनी स्वतःच्या हाताने उघडला होता (हातच ते, आमच्या माकडांपेक्षा सफाईदार!). तेवढ्यात पलीकडच्या तंबूतली बाई "कोब्रा! कोब्रा!" करत पळाली आणि पार्कचा रेंजर आला. त्याने लांब काठीने वॉचमनला ढोसलं. वॉचमन कूलरवरून घसरून त्याच्या बुटावर पडला. रेंजर जिवाच्या आकांताने उडाला, मग काही झालंच नाही असं दाखवत म्हणाला, "हू इज इन चार्ज ऑफ द फूड?"

सबनिसांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "शी इज. शी इज आवर एक्सपर्ट, फ्रॉम आफ्रिका."

"आई," आमची दहा वर्षांची इरा कुजबुजली, "प्लीज डोन्ट से वी आर फॅमिली."

वन्य प्राण्यांना खायला घालू नये यावर रेंजरने मला मोठं भाषण दिलं. सासूबाईंनी त्याच्या हातावर पॉपकॉर्नचा प्रसाद ठेवला. तो निघून गेला आणि पंधरा भुकेली तोंडं माझ्याकडे वळली. पाच वर्षांची कमावलेली अब्रू अशी जाणार?

तेवढ्यात माझं मधल्या कूलरकडे लक्ष गेलं. झाकण जसंच्या तसं! कुणाचं नख लागलं नव्हतं! माझी छाती अभिमानाने फुगली. "बघा!" मी गरजले. "जिथे वॉचमन बसला, तिथे रकूनची हिंमत झाली नाही! याला म्हणतात आफ्रिकेचा अनुभव!" सगळे पुढे सरसावले. मी झोकात झाकण उघडलं.

आत कागदी प्लेटा, ग्लास आणि चमचे होते.

सबनीस आत डोकावून म्हणाले, "वा वहिनी! मांडामांड तर झाली. आता फक्त वाढायचं काय, ते बघा."

त्या रात्री आम्ही सबनिसांच्या गाडीत लॉक केलेला ब्रेड त्याच प्लेटांमध्ये खाल्ला. आजही कुणी विचारलं तर मी ताठ मानेने सांगते, बोत्सवाना असो की कॅनडा, आमच्या वॉचमनने राखलेली वस्तू कधी गेली नाही. काय राखायचं, ते त्याला मी सांगितलं होतं, एवढीच काय ती चूक.