पापडाचं पीठ

वृद्धाश्रमाच्या अंगणात आज हिंग-पापडखाराचा वास सुटला आणि मला माझा इथला पहिला उन्हाळा आठवला. बायको जाऊन दोनच महिने झाले होते. पापड लाटायला बायका बसल्या आणि उडदाचं पीठ कुटायचं काम माझ्याकडं आलं. घरी चाळीस वर्षं मीच कुटायचो. ती बोटानं दाबून "पुरे" म्हणाली की थांबायचो. इथं सदरा घामानं भिजला तरी मी कुटतच राहिलो. "अण्णा, बास की! पिठाचा जीव घेताय व्हय?" एक म्हातारी ओरडली. सगळ्या हसल्या. मला लई राग आला, पण कुणाचा तेच कळंना. मुसळ टाकून खोलीत गेलो. आज पुन्हा पीठ माझ्यापुढंच ठेवलंय. कुटायला हात अजून चालतात, पण पीठ झालं हे बायको बोटानं दाबून कशावरनं ओळखायची, ते तिला विचारायचंच राहिलं.